गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रार टाकली. पण ती ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचली का? जाणून घ्या फोनचा खरा उपयोग

हट्टा (जि. हिंगोली) : नळाला पाणी आले नाही, पथदिवा बंद पडला किंवा नाली तुंबली की गावाच्या ग्रुपवर लगेच फोटो पडतो. खाली हात जोडलेले इमोजी येतात, दोघा-तिघांची वादावादी होते आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो वाढदिवसाच्या बॅनरखाली दबून जातो. वसमत तालुक्यातील हट्टा असो वा राज्यातील दुसरे कोणतेही गाव, हे चित्र ओळखीचे आहे. मग ग्रुपवरच्या तक्रारीला किंमत किती? आणि हातातल्या फोनवरून ग्रामपंचायतीला खरोखर उत्तर द्यायला लावता येते का?

ग्रुप आणि ग्रामसभा यांत फरक काय?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये 1,024 जण मावतात. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी मात्र एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यापैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे प्रत्यक्ष हजर लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे ग्रुपवर शंभर जण बोलले आणि सभेला वीसच आले, तरी गावाचा निर्णय त्या वीस जणांच्या साक्षीने होऊ शकतो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गावचा विकास आराखडा तिथेच मंजूर होतो आणि ठराव इतिवृत्तात नोंदवला जातो. ग्रुपवरच्या मेसेजला ना आवक क्रमांक मिळतो, ना उत्तराची मुदत असते.

गावाचा पैसा फोनवर कसा पाहायचा?

केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाचे ‘ई-ग्रामस्वराज’ पोर्टल 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झाले. त्यावरील माहिती ‘मेरी पंचायत’ या मोबाइल अ‍ॅपवरही पाहता येते. राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत या क्रमाने निवड करा. वसमत सापडत नसेल तर ‘बी’ अक्षराखाली शोधा. सरकारी इंग्रजी नोंदींत हे नाव बऱ्याचदा तसे लिहिले जाते.

तिथे पुढील माहिती पाहता येते :

● मंजूर विकास आराखडा आणि त्यातील कामे
● जमा झालेला निधी आणि झालेला खर्च
● लोकप्रतिनिधींची नावे

पाण्याच्या तक्रारीसाठी ही माहिती विशेष कामाची. 15व्या वित्त आयोगाने 2021-26 या काळात पंचायतींना दिलेल्या अनुदानातील 60 टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठीच राखून ठेवली होती. त्यामुळे ‘नळाला पाणी नाही’ एवढेच म्हणण्यापेक्षा ‘अमुक वर्षाच्या आराखड्यात आमच्या गल्लीची पाइपलाइन आहे, खर्चही दिसतो, मग काम कुठे आहे?’ असे विचारले तर उत्तर टाळणे अवघड जाते. काम आराखड्यातच नसेल तर ते पुढच्या आराखड्यात घेण्याची मागणी करता येते.

तक्रार कुठे केली तर तिची नोंद होते?

पहिला मार्ग साधा आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दुसरा मार्ग ‘आपले सरकार’ तक्रार निवारण पोर्टलचा. तिथे तक्रार नोंदवली की टोकन क्रमांक मिळतो. खर्चाची कागदपत्रे हवी असतील तर 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे.

जन्म-मृत्यूचा दाखला, नमुना 8 चा उतारा अशा सेवांसाठी 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर दोन अपिले करता येतात आणि त्यानंतर लोकसेवा हक्क आयोगाकडे जाता येते.

मग ग्रुप काय कामाचा?

स्पेनमधील ग्रानाडाजवळच्या ‘हून’ या सुमारे साडेतीन हजार वस्तीच्या गावाने याचे उत्तर दिले आहे. तिथले तत्कालीन महापौर होसे अँतोनियो रोद्रिगेस सालास यांनी ट्विटरवर तक्रारी घ्यायला सुरुवात केली. पथदिवा बंद असल्याचे कुणी कळवले की ते संबंधित वीज कर्मचाऱ्याला सर्वांसमक्ष काम सोपवत आणि दुरुस्ती झाली की कर्मचारी त्याचा फोटो टाकत असे. गावकऱ्यांच्या खात्यांची ओळख नगरपालिकेत पटवली जात असल्याने निनावी शिवीगाळीला फारशी जागा नव्हती. ट्विटर तर सगळ्या गावांकडे होते. ‘हून’मध्ये प्रत्येक तक्रारीला एक ठरलेला जबाबदार माणूस होता आणि उत्तरही उघडपणे मिळत होते.

हेच आपल्या गावच्या ग्रुपवर करता येते. लेखी अर्जाच्या पोचेचा फोटो, तारीख आणि नेमकी जागा टाका. ग्रामपंचायतीने काम कुणाकडे दिले आणि कधी होणार, एवढे दोन ओळींत कळवायचे. ‘फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकतात’ असा ग्रुप सूचनेसाठी ठीक, पण संवाद हवा असेल तर तो खुला ठेवावा लागेल.

सदस्याच्या पोस्टमुळे आपण अडकू, अशी धास्ती अनेक अ‍ॅडमिनना असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केले आहे की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचे काय?

घरात एकच फोन आणि तोही कर्त्या पुरुषाच्या खिशात असेल, तर पाणी भरणाऱ्या बाईची तक्रार ग्रुपवर येतच नाही. म्हणूनच ग्रामसभेपूर्वी स्वतंत्र महिला सभा घेण्याची तरतूद आहे. दवंडी आणि फलकावरील नोटीस यांची जागा ग्रुपवरची सूचना घेऊ शकत नाही. ती त्यांच्या जोडीला असावी. तसेच लाभार्थ्यांचे आधार क्रमांक वा बँक खाते दिसेल अशा याद्या ग्रुपवर टाकू नका.

पुढच्या ग्रामसभेआधी एवढे करा

1. ‘मेरी पंचायत’वर आराखडा आणि खर्च पाहून आपल्या गल्लीच्या कामाचा स्क्रीनशॉट ठेवा.
2. लेखी अर्ज देऊन पोच घ्या.
3. विषय ग्रामसभेच्या कार्यसूचीवर घेण्याची आधीच लेखी मागणी करा.
4. ग्रुपवर सभेची तारीख-वेळ टाका आणि फोन नसलेल्या शेजाऱ्यांना घरी जाऊन सांगा.
5. सभेत प्रश्न विचारा आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला का, हे उठण्यापूर्वी पाहून घ्या.