मोजलेलं पाणी

नळाला पाणी कधी येणार, हा आमच्या शहरातला बारमाही विषय. पैठणला नाथसागर एवढा पसरलेला, पण सिडको-हडकोतल्या नळाला कधी चार-पाच दिवसांनी पाणी, कधी आठवडा उलटून. त्यामुळे टाकी, ड्रम आणि हंडे यांचा हिशोब इथल्या प्रत्येक घराला पाठ. काही घरांत मात्र पाणी भरण्याबरोबर पिण्याचाही हिशोब असतो. सकाळी एक बाटली भरून ठेवायची आणि दिवसभरातला चहा, ताक, पातळ वरण, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातून वजा करत जायचं. लघवी जवळजवळ थांबलेल्या डायलिसिसच्या रुग्णाला साधारण लिटरभर पाण्यात, कधी त्याहूनही कमीत, दिवस काढावा लागतो.

ज्याला दिवसाकाठी लिटरभराहून जास्त पाणी परवडत नाही, त्याच्या एका डायलिसिसला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं. मशीनमधून मिनिटाला अर्धा लिटर द्राव वाहतो आणि चार तास रक्त धुतलं जातं. आर.ओ.मध्ये वाया जातं ते वेगळंच. नळाला पाणी नसलं तरी हे पाणी लागतंच.

2020च्या मार्चच्या मध्याला शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. तेव्हा कागदोपत्री हे औरंगाबाद होतं. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, 23 तारखेला एसटी थांबली, 25 पासून देश बंद. सगळीकडून एकच सांगणं होतं, घरात थांबा. डायलिसिसच्या रुग्णाला नेमकं तेच जमणारं नव्हतं. आठवड्यातून दोन-तीनदा त्याला केंद्र गाठावंच लागतं. एखादी पाळी चुकली तर अंगात पाणी साठतं, फुप्फुसात उतरतं, धाप लागते. पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं, तेही फारशी सूचना न देता.

शहरातल्या माणसाला निदान कुणाची तरी दुचाकी होती. कन्नड, सिल्लोड, वैजापूरकडून येणाऱ्यांचं काय? त्यांचा डायलिसिस एसटीच्या वेळापत्रकावर चालायचा. रेड झोन वगळता जिल्ह्यांतर्गत एसटी सुरू झाली 22 मेला आणि जिल्ह्याबाहेरची थेट 20 ऑगस्टला. जालना साठेक किलोमीटरवर, पण जिल्हा दुसरा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या एप्रिलमधल्या सूचना कागदावर चांगल्या होत्या. कोविडच्या रुग्णांसाठी किमान एक डायलिसिस केंद्र राखून ठेवा, रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला अडवू नका, दवाखान्याचे कागद हाच पास समजा. पण पासाने गाडीचं भाडं भरलं जात नाही. रोजंदारी बुडालेल्या घरात आठवड्याला दोन खेपांची गाडी करायची म्हणजे आधी उधारी, मग दागिना. जुलैत 10 ते 18 तारखेला शहर पुन्हा कडकडीत बंद झालं, तेव्हा हाच खेळ नव्याने मांडावा लागला.

याचा परिणाम आकड्यांत नोंदला गेला आहे. देशातल्या 19 मोठ्या रुग्णालयांच्या पाहणीत 2,517 डायलिसिस रुग्णांपैकी 28.2 टक्क्यांची टाळेबंदीत किमान एक पाळी चुकली. 104 जणांनी येणंच थांबवलं. त्यांचं पुढे काय झालं असेल, याचा अंदाज कुठलाही टेक्निशियन तुम्हाला देईल.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो काढा. आयुष मंत्रालयाने त्या मार्चमध्ये सांगितलं होतं, दिवसभर कोमट पाणी प्या, काढा घ्या, हळदीचं दूध घ्या. सल्ला निरोगी माणसासाठी होता, पण ऐकला सगळ्यांनी. घरोघरी पातेली उकळायला लागली आणि शेजारपाजारच्या मायेने पेले आजारी माणसापर्यंत पोचले. ज्याला घोट मोजून प्यायचा, त्याच्यापुढे दिवसातून चारदा वाफाळता पेला! नाही म्हटलं तर आग्रह आणि घेतलं तर पुढच्या पाळीला वजनकाटा बोलतो. दोन पाळ्यांमध्ये किती किलो पाणी अंगावर चढलं, ते तिथे लपत नाही.

किडनीच्या रुग्णांचं जीवनमान मोजायला जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे. तोंडाला कोरड पडते का, अंगाला खाज सुटते का, पाण्यावरच्या बंधनाचा त्रास होतो का, असे प्रश्न त्यात असतात. घरच्यांवर आपण ओझं झालोय असं वाटतं का, हाही असतो. महामारीत हा शेवटचा प्रश्न कोणी मोठ्याने विचारायची गरजच उरली नाही. आणि ज्याचा रकाना त्या प्रश्नावलीत नाही, असंही काही गेलं. एकाच शिफ्टला वर्षानुवर्षं शेजारच्या बेडवर येणाऱ्यांची एक पंगत जमलेली असते. कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाची फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी हातात तयार केलेली शीर, बंद पडली, सगळं माहीत. मास्क काढून डबा खाणं धोक्याचं झालं, गप्पा आटल्या. बेड रिकामा दिसला तर त्याबद्दल विचारायचंही धाडस होईना.

पोटातून होणारा डायलिसिस या काळात खरं तर वरदान ठरायला हवा होता. घरच्या घरी, साधारण दोन लिटरच्या पिशव्या, बहुधा दिवसातून चारदा. मशीन नको, एसटी नको. आपण तो रुजवलाच नाही, ही चूक साथीच्या आधीची आहे. प्रत्यारोपणाची वाटही त्या काळात अडली. जिवंत दात्यांच्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. 1 मार्च 2021 पासून 45 ते 59 वयाच्या सहव्याधीग्रस्तांना लस मिळू लागली, तेव्हा 20 व्याधींच्या यादीत डायलिसिसचं नाव होतं. त्याहून तरुण रुग्णाला मात्र अजून थांबायचं होतं.

12 डिसेंबर 2020ला शहराच्या 1,680 कोटींच्या नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन झालं. साथ ओसरली, पण बाटलीतलं पाणी अजून मोजूनच प्यायलं जातंय.

या दिवाळीत तुमच्या ओळखीतला असा कोणी असेल तर त्याला फराळाला जरूर बोलवा. चिवडा-चकलीचा आग्रह मात्र करू नका, मिठाने तहान वाढते. चहा अर्धा कपच द्या. आणि पाडव्याला त्याची डायलिसिसची पाळी असेल तर गाडी काढून सोडायला येऊ का, एवढं विचारा.