म्हाताऱ्या गेमबॉयचे शेवटचे खेळ

नव्या वस्तूंच्या बाबतीत आमच्या घराण्याची एक रीत आहे. वस्तू बाजारात जुनी होईपर्यंत थांबायचे, आणि मग ती घ्यायची. शेजारी टेलिव्हिजन आला त्या वर्षी आमच्या वडिलांनी रेडिओ घेतला. ही रीत मी निष्ठेने पाळत आलो. चिरंजीवांना मात्र ती मुळीच मान्य नव्हती, आणि त्यावरून आमच्या घरात जे रामायण झाले ते २००६ सालच्या टोकियोत.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही तिघे तेव्हा निशी-कासाई भागात राहत होतो. तिकडे आपल्या लोकांची बरीच वस्ती आहे. ओंकार दहा वर्षांचा. तिथल्याच शाळेत जाऊन वर्षभरात तो जपानी असे बोलू लागला की, दुकानात मी त्याच्यामागे आज्ञाधारकपणे उभा राहत असे. त्या मार्चमध्ये निन्टेंडो कंपनीचे 'डी. एस. लाइट' हे दोन पडद्यांचे खेळयंत्र निघाले. किंमत १६,८०० येन. आगगाडीत ज्याच्या त्याच्या हातात तेच, आणि दुकानात पाहावे तर 'माल संपला'ची पाटी! ओंकारने रीतसर हट्ट धरला. मी रीतसर अकिहाबारातल्या एका जुन्या मालाच्या दुकानात गेलो आणि २००१ सालचा एक 'गेमबॉय ॲडव्हान्स' घेऊन आलो. सोबत टोपलीतल्या चार-पाच कॅसेटी. (त्या चपट्या वडीएवढ्या तुकड्याला आपल्याकडची पोरे कॅसेटच म्हणत.) ओंकारने डबा उघडला, आत पाहिले आणि काही न बोलता पुन्हा बंद केला. त्यापेक्षा तो रडला असता तर बरे झाले असते.

पण मंडळी, माझा कंजूषपणा त्या वेळी अचानक फळाला आला. कसा, ते सांगतो.

हा गेमबॉय जगभर ८ कोटींहून अधिक खपलेला. २००४ च्या अखेरीस डी. एस. आले आणि गर्दी तिकडे वळली. आता अशा उतरत्या काळात कोणी काही चांगले करील असे आपल्याला वाटणार नाही. पण पाच वर्षे एकाच स्वयंपाकघरात वावरलेल्या बाईला अंधारातही हिंगाची डबी सापडते, तसे या यंत्राचे झाले होते. तेवढ्याशा पडद्यातून आणि दोन पेन्सिल-सेलच्या जिवावर काय काय काढता येते, ते कारागिरांना पुरते ठाऊक झालेले. यंत्रात नसेल ते त्यांनी कॅसेटमध्येच बसवायला सुरुवात केली!

'मावारु मेड इन वारिओ' या २००४ च्या खेळात कॅसेटच्या पोटात असे एक उपकरण होते की, यंत्र किती फिरवले ते त्याला कळे. खेळ चार-पाच सेकंदांचे. हातातले अख्खे यंत्रच मोटारीच्या चाकासारखे गरकन फिरवायचे, आणि ते जमते न जमते तोच पुढचा खेळ हजर. मी एकदा तो आगगाडीत खेळायला घेतला. शेजारच्या आजीबाईंनी आपली पिशवी हळूच दुसऱ्या बाजूला घेतली.

त्याहून नामी 'बोकुरा नो ताइयो', म्हणजे 'आमचा सूर्य'. कोनामी कंपनीच्या हिदेओ कोजिमा यांची ही करामत. २००३ ते २००५ या काळात या मालिकेचे तीन खेळ निघाले. कॅसेटवर ऊन मोजणारी एक काचेची टिकली. खेळातल्या पिशाच्चांशी लढायला जी शक्ती लागते ती खऱ्याखुऱ्या उन्हातूनच मिळायची. 'बाहेर जाऊन खेळ' म्हणून पोरांच्या मागे लागणाऱ्या आईबापांचे काम या गृहस्थांनी परस्पर करून टाकले! आमच्या जुन्या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. रात्री दिव्याखाली मान वाकडी करून बसावे लागे. पण उन्हात तोच पडदा लख्ख दिसायचा. जूनमधल्या झडीत ओंकार खिडकीशी कॅसेट धरून ढगांना जपानीत शिव्या देत बसे. डब्याचे झाकण एव्हाना केव्हाच उघडले गेले होते, हे सांगायला नकोच.

त्याच ऑगस्टमध्ये 'रिदम तेन्गोकु' आला. म्हणजे तालाचा स्वर्ग. निन्टेंडोने या यंत्रासाठी जपानात काढलेला हा शेवटचा खेळ. संगीतकार त्सुन्कु यांचा त्यात मोठा वाटा. भाषेचे इथे फारसे अडत नाही. गाणे ऐकायचे आणि ठेका आला की बटण दाबायचे. कोणी कराटेवाला ठोसे मारतो आहे, तर कुठे भाजीला फुटलेले केस चिमट्याने उपटायचे आहेत! वरवर पोरखेळ, पण ठेका किंचित चुकला की लगेच पकडतो. आमचे दोघांचे हात टेकले. पोळ्या लाटता लाटता सौ. म्हणाली, "अहो, तुम्ही समेच्या आधीच उडी मारताय." तिने कणकेचे हात पुसले, यंत्र घेतले आणि पहिल्याच झटक्यात तो डाव पार केला. माहेरी लहानपणापासून भजनाला टाळ धरणारी बाई ती!

आता ज्या खेळासाठी हे सगळे लिहायला बसलो, त्याच्याकडे येतो. 'मदर ३'. हा एप्रिल २००६ चा. लिहिणारे शिगेसातो इतोई. आधी तो दुसऱ्याच एका मोठ्या यंत्रासाठी व्हायचा होता. २००० साली ते काम बंद पडले, आणि शेवटी या लहानग्याच्या पदरात आला. जपानबाहेर त्याला कंपनीने पाठवलेच नाही. २००८ साली परदेशातल्या चाहत्यांनी आपल्या हौसेने त्याचे इंग्रजी केले.

सुरुवातीलाच हा खेळ नावे विचारतो. दोन जुळे भाऊ, आई, बाप, कुत्रा, इतकेच काय, आवडता खाद्यपदार्थही. ओंकारने आईच्या जागी आईचे नाव घातले, बापाच्या जागी माझे, आणि पदार्थ म्हणून पोहे. मला जपानी वाचता येईना, म्हणून तो वाचून मराठीत सांगे. ज्या गावात पैसा हा प्रकारच ठाऊक नाही असे ते गाव, तिथली भोळी माणसे. आम्ही मजेत होतो.

पहिल्याच प्रकरणात ती आई मरते. पावसात, शेकोटीभोवती जमलेल्या गावकऱ्यांपैकी एक जण बापाला ते सांगतो. ओंकार वाचता वाचता थांबला. पडद्यावर ते नाव होते. मी म्हटले, "पुढे काय?" तो म्हणाला, "काही नाही. आई गेली." स्वयंपाकघरात सौ. भांडी लावत होती. त्या रात्री तो गादी ओढत आणून तिच्याजवळ झोपला. तिने कारण विचारले, तेव्हा थंडी वाजते म्हणाला. महिना जुलैचा होता.

चार दिवस यंत्र कपाटात राहिले. मग त्यानेच काढले. गोष्टीत तीन वर्षे उलटली होती. गावात पैसा आला होता, आगगाडी आली होती, घरे बदलली होती. बाप हरवलेल्या एका मुलाला शोधायला रोज डोंगरात जाई. ओंकारने विचारले, "बाबा, हा त्याला शोधतो ते ठीक आहे. पण जो घरात आहे त्याच्याशी हा बोलत का नाही?"

मी तेव्हा रात्री अकराच्या आत क्वचितच घरी येत असे. पडद्यावर बापाचे नाव माझेच होते. मी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी साडेसहालाच कचेरीतून उठलो. साहेबांनी घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. तो खेळ आम्ही दोघांनी सप्टेंबरात संपवला. शेवट काय होतो ते इथे सांगत नाही. कोणाला तरी तो खेळायचा असेल.

ओंकार आता नोकरीनिमित्त बंगळूरला असतो. गेल्या दिवाळीत आला, तेव्हा त्याने माळ्यावरून तो डबा काढला, नवे सेल घातले आणि फराळाची बशी मांडीवर घेऊन 'मदर ३' पहिल्यापासून सुरू केला. मी चष्मा लावून शेजारी बसलो. नावे भरायचा पडदा आला. पोहे तसेच राहिले. बापाच्या जागी पुन्हा माझे नाव पडले. आईच्या जागी मात्र खेळाने स्वतःहून सुचवलेले नाव त्याने राहू दिले.

"अरे, मला तो भाजीचे केस उपटायचा लावून दे," सौ. आतून म्हणाली. त्याने लगेच कॅसेट बदलली.