भिंतीला आलेली पत

जुन्या बँकेच्या इमारतीत स्ट्राँगरूम शोधायची असेल तर रस्त्याकडे बघू नका, आत बघा. ती बहुधा इमारतीच्या पोटात असते. भोवताली माणसाला फिरता यावं, कुणी भिंत फोडू लागलं तर रखवालदाराला ऐकू यावं, म्हणून. खिडकी नाही, वर हवेपुरता झरोका, त्याला जाड गज. दाराला दोन किल्ल्या: एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे. मी रोखपाल म्हणून हयात घालवली. माझ्या लेखी बँक म्हणजे आधी ही खोली. बाकीची इमारत तिच्याभोवती उभी राहते.

सावकाराच्या पेढीला असला थाट लागत नसे. ओसरीवर गादी, लोड, उतरतं डेस्क, चोपड्यांची चळत. हुंडी चालायची घराण्याच्या नावावर, कारण गावाने त्या घरच्या तीन पिढ्या पाहिलेल्या. बँकेचा मॅनेजर मात्र परगावचा, आज आहे तर उद्या बदली. त्याच्या भरवशावर पाटल्या मोडून आलेले पैसे कोण ठेवणार? मग ती पत इमारतीने कमवायची. दगडी जोतं, चढून जायच्या पायऱ्या, सागवानी काउंटर, त्यावर पितळी गज. वास्तुकार जॉन सोनने लंडनच्या बँक ऑफ इंग्लंडला रस्त्याकडून खिडकीच नसलेली भिंत दिली. तिच्यात बंदोबस्त होताच, पण बघणाऱ्याला धीरही होता. उंच छत मात्र आमच्या उन्हाळ्याची गरज. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा नोटा मोजणाऱ्याला त्याची किंमत कळते.

मराठवाड्यात बँकेपुढे आणखी एक पेच होता, दोन चलनांचा. १९४१च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली आणि १९४२मध्ये हैदराबादच्या गनफाउंड्रीत तिचं काम सुरू झालं. आमचं औरंगाबाद शहर तेव्हा निजामाच्या मुलखात. चलन उस्मानिया सिक्का, म्हणजेच हाली. मनमाड इंग्रजी मुलखात, तिथे कलदार रुपया. सहा कलदारांना सात हाली, असा भाव. कापूस-धान्याचा व्यापारी या दोन्ही चलनांत जगायचा.

इमारतीवरचा भार हलका झाला तो एका आपत्तीने. १९६०मध्ये आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्यानंतर १ जानेवारी १९६२पासून ठेवींना विमा आला, सुरुवातीला दीड हजार रुपयांपर्यंत; आज तो पाच लाखांपर्यंत आहे. कायद्याने हमी घेतल्यावर दगडी भिंतीने धीर देण्याची निकड उरली नाही. भाड्याच्या गाळ्यात, काचेच्या दाराआड बँक चालू लागली, ती मला वाटतं यामुळेच. ठेवीदाराचं त्यात भलं झालं, हे मी आनंदाने म्हणतो.

पण जुन्या वास्तू मोडू देऊ नयेत. १ एप्रिल २०१७ला आमची हैदराबाद बँक भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, पाट्या बदलल्या. शहरातले वास्तुकलेचे विद्यार्थी मकबऱ्याची आणि दरवाज्यांची मोजमापं घेतात. त्यांनी टेप घेऊन या इमारतींतही यावं. भिंतींची जाडी, झरोक्याची उंची, काउंटरचे सांधे कागदावर उतरवावेत. कुठून कुठे रोकड जायची, ते दाखवायला माझ्यासारखे निवृत्त लोक अजून शहरात आहेत.