घर निघालं गाडीवर!

बालमित्रांनो, घर कधी चालतं का? “छे, काहीतरीच!” असंच म्हणाल ना?

पण 2025 च्या ऑगस्टमध्ये स्वीडन देशातल्या किरुना गावात चक्क एक लाकडी चर्च चाललं! गावाजवळच्या लोखंडाच्या खाणीमुळे जमीन खचू लागली होती. म्हणून 672 टन वजनाचं ते चर्च चाकांच्या गाड्यांवर चढवलं आणि दोन दिवसांत 5 किलोमीटर लांब नेलं. त्यासाठी आधी काय केलं, ठाऊक आहे? रस्ता 24 मीटर रुंद केला. आधी वाट, मग घर!

आपल्याकडे घर अख्खं जात नाही, सुटं होऊन जातं. जुनं घर उतरवायचं. सागवानी खांब, चौकटी, दारं, कवेलू ट्रॉलीत भरायचे आणि दुसऱ्या जागी पुन्हा उभं करायचं.

आता समजा, महागाव तालुक्यातल्या आपल्या फुलसावंगीत कुणी असं घर एखाद्या जुन्या गल्लीत आणलं. लाकूड त्यांचं, जागाही त्यांची. मग कुणाला विचारायचं कशाला?

विचारावंच लागतं! महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मधलं कलम 52 याचसाठी आहे. गावठाणात, म्हणजे गावाच्या वस्तीच्या जागेत, घर उभारायचं किंवा पुन्हा उभारायचं, तर पंचायतीची परवानगी आधी घ्यायची. ‘पुन्हा उभारायचं’ हे शब्द विसरू नका बरं. सामान जुनं असलं तरी नियम लागतोच. गावठाणाबाहेर शेतजमिनीवर घर बांधायचं, तर महसूल खात्याचे नियम वेगळे.

एवढं कशासाठी? नव्या घराचा ओटा हातभर पुढे आला, की समोरचाही आपला ओटा हातभर पुढे घेतो. गल्ली झाली दोन हात कमी! मग बैलगाडी अडते, नाली बुजते. पावसाळ्यात छपराच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या भिंतीवर पडतात. आणि एखाद्या रात्री आजारी आजीला न्यायला रुग्णवाहिका आली, तर ती गल्लीच्या तोंडाशीच थांबते. आजीला उचलून न्यावं लागतं.

रस्त्यावरचं अतिक्रमण पंचायत काढू शकते, तेही कायद्यात आहे. पण उभं घर पाडताना पैसा जातो, डोळ्यांत पाणी येतं, पिढ्यान्‌पिढ्यांचं बोलणं बंद होतं. त्यापेक्षा आधी विचारलेलं बरं, नाही का?

मात्र एक गोष्ट मोठ्यांनीही ध्यानात ठेवावी. परवानगी म्हणजे नव्या कुटुंबाला अडवायची काठी नव्हे. जागा कुणाची, रस्ता किती सुटला, पाणी कुठे जाणार, एवढंच विचारायचं. ‘तुम्ही कोणत्या जातीचे, कुठून आले?’ हा प्रश्न त्यात बसत नाही. नियम घर मोजतो, माणूस मोजत नाही!

जागेची हद्द नक्की कळावी म्हणून 2020 साली ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली. तिच्यात ड्रोन उडवून गावठाणातल्या घरांची मोजणी करतात आणि घरमालकाला मालमत्तेचं पत्रक देतात.

मग रविवारी एक गंमत करा. दोरी घेऊन आपल्या गल्लीची रुंदी तीन ठिकाणी मोजा आणि वहीत लिहा. कुठे कमी भरली? का भरली? घरी आई-बाबांना विचारा. आणि हो, सुरुवात आपल्याच ओट्यापासून करा हं!