बोट एकच, कस खलाशाचा

शिडाच्या शर्यतीत बोटीची रचना गोठवली की खरा कस खलाशाचा लागतो, हे लेझर या छोट्या बोटीने सिद्ध केले. कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांनी ती १९७०च्या सुमारास रेखाटली. लांबी ४.२३ मीटर, शीड एक, खलाशीही एकच. सांगाडा, डोलकाठी, शीड, काहीही मनाने बदलायचे नाही. त्यामुळे पैसा ओतून वेग विकत घेता येत नाही. २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अखेरच्या शर्यतीत ब्रिटनच्या बेन एन्स्लीने ब्राझीलच्या रॉबर्ट शाइटचा वारा अडवून त्याला मागे डांबले आणि सुवर्ण घेतले. तो विजय निव्वळ डावपेचांचा होता.

यावर आक्षेप असा की, सारख्या बोटीतही जोराच्या वाऱ्यात वजनदार खलाशालाच फायदा होतो. तो खराच आहे, पण त्यावर उपाय निघाला: सांगाडा तोच, शीड लहान. ‘रेडियल’ हा असा प्रकार २००८पासून महिलांसाठी ऑलिंपिकमध्ये आहे. ही बोट बनवणाऱ्या मोजक्याच उत्पादकांच्या मक्तेदारीचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. २०१९मध्ये बोटीचे नाव ‘इल्का’ झाले आणि नव्या उत्पादकांना वाट मिळाली. रचना मात्र तीच राहिली.