अंड्याला तेल लावलं की ते खरंच जास्त दिवस टिकतं का? रीलमागचं विज्ञान समजून घ्या

रूमवर फ्रिज नाही, पण स्वस्त पडतो म्हणून तुम्ही ३० अंड्यांचा ट्रे घेऊन आलात. तेवढ्यात एक रील दिसते: "अंड्याला तेल लावा, महिनोन्महिने टिकेल!" यात तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं माहीत नसेल तर पोट बिघडू शकतं. चला तर मग, नीट समजून घेऊया.

अंडं जुनं होतं म्हणजे काय होतं?

अंड्याचं कवच गुळगुळीत दिसतं, पण त्यावर साधारण ७ ते १७ हजार बारीक छिद्रं असतात. त्यातून आतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड हळूहळू बाहेर जातो. पाणी कमी झालं की आतली हवेची पोकळी वाढते. वायू गेला की पांढऱ्या भागाचा पीएच ७.६ च्या आसपासवरून ९ च्या वर जातो. मग तो पातळ होतो आणि तव्यावर अंडं पसरतं.

कोंबडी अंडं देताना कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो. तो ही छिद्रं बऱ्यापैकी झाकतो. अंडं धुतलं की हा थर निघून जातो. म्हणूनच अमेरिकेत धुतलेली अंडी ७ अंशांच्या आसपास थंड ठेवतात, तर युरोपात पहिल्या दर्जाची अंडी धुतच नाहीत.

कोटिंग काय करतं?

छिद्रं बुजवतं, बस्स! फ्रिज नव्हते तेव्हा लोक अंडी चुन्याच्या निवळीत किंवा सोडियम सिलिकेटच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. आता खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल वापरतात. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानवरही संशोधन झालंय.

मग घरी का जमत नाही?

- कोटिंगचा खरा फायदा अंडं दिल्यापासून दिवसभरात लावलं तरच होतो, कारण वायू सुरुवातीलाच जास्त निघून जातो. दुकानातलं अंडं तोवर जुनं झालेलं असतं.
- स्वयंपाकाचं तेल काही दिवसांनी खवट होतं.
- सगळ्यात महत्त्वाचं: तेल जंतू मारत नाही. साल्मोनेला आधीच आत असेल तर तो तसाच राहतो.

पाण्याची टेस्ट इथे फसवते

अंडं तरंगलं की जुनं, बुडालं की ताजं, हे आपण ऐकलेलं असतं. पण ही टेस्ट फक्त हवेची पोकळी दाखवते, जंतू नाही. तेल लावलेल्या अंड्यात पोकळी हळू वाढते, त्यामुळे जुनं अंडंही आरामात बुडतं!

मग करायचं काय?

- ट्रेऐवजी आठवड्यात संपतील एवढीच अंडी घ्या.
- तडा गेलेलं किंवा घाण लागलेलं अंडं घेऊ नका.
- साठवण्याआधी धुऊ नका. निमुळतं टोक खाली ठेवून गॅसपासून लांब, थंड जागी ठेवा.
- आधी वेगळ्या वाटीत फोडा. वास आला तर सरळ फेकून द्या.
- बलक घट्ट होईपर्यंत शिजवा.

थोडक्यात, कोटिंग अंड्याचं म्हातारपण लांबवतं, पण ते खायला सुरक्षित आहे याची हमी देत नाही. पुढच्या वेळी ती रील ग्रुपवर आली, तर हे नक्की सांगा!