लेआउटनंतर अ‍ॅम्प्लिफायरचा गेन कुठे गेला?

स्कीमॅटिकमध्ये अ‍ॅम्प्लिफायर 70 डेसिबेल गेन देत होता. लेआउट काढला, तपासण्या पार पडल्या, पुन्हा सिम्युलेशन केले तर गेन 20 वर. अशा वेळी हात लगेच तारा रुंद करायला शिवशिवतात. आपण तसे करू नये. दोष लेआउटमध्येच आहे हे अजून ठरलेले नाही.

उदाहरणाला स्कायवॉटरचे 130 नॅनोमीटरचे तंत्रज्ञान घेऊ. गूगलच्या सहभागाने 2020 मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले, आणि मॅजिक, नेटजेन, एनजीस्पाइस ही मोफत साधने त्यावर चालतात. सर्किट नेहमीचेच: 1.8 व्होल्टवर चालणारा, दोन टप्प्यांचा ऑप-अँप.

पार पडलेल्या तपासण्यांपैकी एलव्हीएस ही लेआउटमधले भाग आणि त्यांची जोडणी स्कीमॅटिकशी जुळते की नाही एवढेच सांगते. तार किती लांब आहे आणि तिला किती रोध आहे, याच्याशी तिला देणेघेणे नाही. ते काम एक्स्ट्रॅक्शनचे, म्हणजे काढलेल्या आकारांवरून तारांचा रोध आणि धारिता मोजून नव्या नेटलिस्टमध्ये घालण्याचे. आपोआप येणाऱ्या या नकोशा रोध-धारितांना पॅरासिटिक म्हणतात.

पहिल्यांदा तुलना सारखी आहे का ते पाहावे. तापमान, लोड, मॉडेलचा कॉर्नर दोन्हीकडे तोच हवा. मग नव्या नेटलिस्टमधला पिनांचा क्रम वाचावा. एक्स्ट्रॅक्शननंतर तो बऱ्याचदा बदलतो, आणि स्पाइस नाव न पाहता क्रमानेच जोडतो. बायसची पिन सप्लायला गेली की पुढचे सगळे आकडे निरर्थक.

उलटा प्रकारही घडतो: दोन्ही निकाल तंतोतंत जुळतात आणि आपण खूश होतो. पण मॅजिकमध्ये एलव्हीएससाठी काढलेल्या नेटलिस्टमध्ये पॅरासिटिक धारिता नसतातच. त्या मिळवण्यासाठी धारितेची किमान मर्यादा शून्यावर आणून नेटलिस्ट पुन्हा काढावी लागते. रोध हवा असेल तर एक्स्टरेसिस्ट ही वेगळी आज्ञा द्यावी लागते.

आता डीसी. प्रत्येक ट्रान्झिस्टरचा प्रवाह आणि आउटपुटचे व्होल्टेज दोन्ही सिम्युलेशनमधून काढून शेजारी शेजारी मांडावे. गेन कोसळल्याचे कारण माझ्या मते बहुतेकदा इथेच सापडते. 70 डेसिबेल म्हणजे सुमारे 3000 पट. लेआउटमुळे दोन इनपुटांत 1 मिलिव्होल्टचा फरक (ऑफसेट) पडला, तर आउटपुटला 3 व्होल्ट सरकावे लागेल. सप्लाय तर 1.8 चा. आउटपुट एका टोकाला चिकटते, शेवटचा ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमधून बाहेर पडतो, आणि सिम्युलेटर त्या अडकलेल्या अवस्थेचा गेन सांगतो. अ‍ॅम्प्लिफायर ठीक असतो. चुकलेली असते ती मोजणी.

उपाय सोपा आहे. आउटपुट प्रचंड मोठ्या इंडक्टरमधून उलट इनपुटला जोडावे आणि त्या इनपुटपासून ग्राउंडला तितकाच प्रचंड कपॅसिटर लावावा. बाजारात असे भाग मिळणार नाहीत, पण सिम्युलेटरला चालतात. डीसीला फीडबॅक मिळून आउटपुट जागेवर राहते आणि एसीला लूप उघडा असतो. गेन इथेच परत आला, तर लेआउटमध्ये शोधायचा तो फक्त ऑफसेटचा उगम.

तरीही प्रवाह जुळत नसतील, तर रोधाकडे वळावे. धारितेने डीसी बदलत नाही. या तंत्रज्ञानात मोठा सापळा आहे तो लोकल इंटरकनेक्ट नावाच्या सर्वांत खालच्या जोडथराचा. त्याचा रोध दर चौकोनाला सुमारे 12.8 ओम, तर त्याच्या वरच्या पहिल्या धातूचा फक्त 0.125 ओम. करंट मिररच्या सोर्सची 20 मायक्रॉन लांब, 1 मायक्रॉन रुंद तार या खालच्या थरात काढली, की 20 चौकोनांचे 256 ओम झाले. 50 मायक्रोअँपिअरला सुमारे 13 मिलिव्होल्ट तिथेच खर्च होतात. चाळीत टाकीपासून लांबच्या नळाला पाणी कमी येते, तसा त्या ट्रान्झिस्टरला गेटचा जोर कमी मिळतो. ओव्हरड्राइव्ह 200 मिलिव्होल्ट असेल तर प्रवाह दहाएक टक्क्यांनी घटतो. तीच तार पहिल्या धातूत काढली तर अडीच ओम.

डीसी जुळते, पण बँडविड्थ किंवा फेज मार्जिन (ऑप-अँप डोलू लागण्यापूर्वी उरलेली मोकळीक) घटले, तर संशय धारितेवर. फक्त धारिता असलेली नेटलिस्ट चालवावी आणि पहिल्या टप्प्याचे आउटपुट आधी तपासावे. ती तार अंतिम आउटपुटच्या तारेला लागून धावत असेल, तर दोघींमधली धारिता दोन टप्प्यांमधल्या मिलर कपॅसिटरमध्ये मिळते. 1 पिकोफॅरडमध्ये 100 फेम्टोफॅरडची भर पडली, की बँडविड्थ सुमारे 9 टक्क्यांनी घसरते. मिलर कपॅसिटरची खालची पट्टी सब्स्ट्रेटच्या जवळ असल्याने तिची धारिता जास्त. ती पहिल्या टप्प्याला न जोडता अंतिम आउटपुटला जोडावी.

संशयाची खात्री करायला तेवढीच धारिता स्कीमॅटिकमध्ये हाताने घालून पाहावी. घसरण तशीच दिसली, तरच लेआउटला हात लावावा.

एक मांडणी मात्र मोडू नये. इनपुट जोडीचे तुकडे आलटूनपालटून, सामाईक मध्याभोवती मांडले, तर तारा वाढतात आणि सिम्युलेशनचे आकडे थोडे बिघडतात. चिपच्या एका बाजूकडून दुसरीकडे हळूहळू बदलत जाणारी ऑक्साइडची जाडी एक्स्ट्रॅक्शनला दिसत नाही, म्हणून त्या मांडणीचा फायदाही या आकड्यांत कधीच दिसणार नाही.